गिअरचा गचका आणि हेर्मान फ्योटिंगर

नाशिकच्या रस्त्यांवर ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. द्वारका चौकातील कोंडी, मुंबई नाक्यावरील सिग्नल आणि सुटीच्या दिवशी कसारा घाटात लागणारी रांग यांनी त्रासलेल्या चालकाला क्लचपासून सुटका हवीच असते. मात्र काही वर्षे वापरलेली अशी गाडी एखाद्या सकाळी ‘डी’वर टाकताच हिसका देते, पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना मागून कोणी ढकलल्यासारखा गचका बसतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. गाडी गॅरेजात गेली की पुष्कळदा पहिला आळ टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागावर येतो. हा त्या भागावर काहीसा अन्यायच आहे. इंजिनाचा धक्का चाकांपर्यंत पोहोचू न देणारी जी काही व्यवस्था गाडीत असते, तिच्यातील सर्वांत मोठा वाटा याच भागाचा असतो. त्याचा जनक मोटारीच्या धंद्यातला नव्हता. तो जहाजे बांधणाऱ्या गोदीत नोकरी करणारा एक जर्मन विद्युत अभियंता होता.

हेर्मान फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी न्यूरेंबर्ग येथे झाला. १८९५ ते १८९९ या काळात त्यांनी म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पदवी हाती पडताच बाल्टिक किनाऱ्याजवळच्या श्टेटिन येथील वुल्कान गोदीत ते रुजू झाले. हे शहर आज पोलंडमध्ये असून श्चेचिन या नावाने ओळखले जाते. अटलांटिक महासागर सर्वांत कमी वेळात ओलांडण्याची चुरस तेव्हा ऐन भरात होती आणि जर्मनीची वेगवान जहाजे याच गोदीत तयार होत. तिथे बांधलेल्या ‘डॉइचलांड’ या जहाजाने १९०० मध्ये वेगाचा मान पटकावला; पण पूर्ण वेगात असताना ते इतके थरथरत असे, की प्रवाशांमध्ये त्याची त्यासाठीच अधिक ख्याती झाली. यंत्राची ताकद वाढवणे सोपे असते, ती ताकद सुरळीतपणे पुढे पोहोचवणे अवघड असते, हे समजण्यासाठी एका तरुण अभियंत्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती.

फ्योटिंगर यांनी सुरुवात दुरुस्तीने केली नाही, मोजमापाने केली. जहाजाच्या पंख्यापर्यंत प्रत्यक्षात किती शक्ती पोहोचते, हे त्या वेळी कोणालाच नीट सांगता येत नसे. वाफेच्या सिलिंडरमधील दाब मोजून अंदाज बांधला जाई. वाटेत घर्षणात काय खर्ची पडले, ते गुलदस्त्यात राही. वाफेची टर्बाइने आली तेव्हा तर सिलिंडरच उरला नाही आणि हा अंदाजही संपला. फ्योटिंगर यांनी एक साधी गोष्ट हेरली. पंखा फिरवणारा पोलादी दांडा कितीही जाडजूड असला, तरी भार पडल्यावर तो किंचित पिळला जातो. हा पीळ मोजता आला तर दांड्यातून वाहणारी शक्ती कळते. त्यांनी दांड्यावर एक नळी चढवून तिचे एक टोक पक्के बसवले आणि मोकळ्या टोकापाशी दिसणारा सूक्ष्म फरक तरफांच्या साह्याने मोठा करून नोंदवला. याच विषयावरील संशोधनासाठी १९०४ मध्ये म्युनिकने त्यांना डॉक्टरेट दिली. इंजिनाचा पीळ एका फेरीतही समान नसतो, तो वर-खाली होत राहतो, हेही अशा नोंदींतून डोळ्यांना दिसू लागले. गचका ही चालकाची तक्रार न राहता कागदावर मोजता येणारी राशी झाली.

टर्बाइनने एक नवा पेच निर्माण केला होता. टर्बाइन वेगाने फिरले तरच किफायतशीर ठरते. उलट पाण्यातील पंखा सावकाश फिरला तरच त्याचे काम चोख होते. तो फार वेगाने फिरवला तर त्याच्याभोवती वाफेचे बुडबुडे उठतात आणि तो पाण्याला नीट ढकलूच शकत नाही. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेला हाच अनुभव आला होता आणि अखेर तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन पंखे बसवून त्यांना वाट काढावी लागली होती. टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये वेग कमी करणारे काहीतरी हवे होते. एवढी प्रचंड शक्ती सहन करतील अशी अचूक दातेरी चाके कापण्याची कला तेव्हा बाल्यावस्थेत होती. विद्युत अभियंता असल्याने जनित्र आणि मोटार यांची जोडी बसवण्याचा विचार फ्योटिंगर यांनी केलाच. पण तिचे वजन जहाजाला परवडणारे नव्हते.

तेव्हा त्यांनी विजेच्या जागी पाणी आणले. टर्बाइनने पंप चालवावा, पंपाने पाणी फेकावे, त्या पाण्याने दुसरे जलचक्र फिरावे आणि त्या चक्राने जहाजाचा पंखा फिरवावा. एवढ्यावर थांबले असते तर ती कल्पना निरुपयोगीच ठरली असती, कारण पंप, नळ, वळणे आणि जलचक्र यांच्या साखळीत शक्तीचा मोठा भाग वाया जातो. फ्योटिंगर यांची प्रतिभा पुढच्या पावलात आहे. त्यांनी मधले नळ काढूनच टाकले. पंपाचे चक्र आणि जलचक्र एकाच बंदिस्त डब्यात समोरासमोर आणले. एकातून निघालेले पाणी थेट दुसऱ्यात शिरू लागले आणि फिरून पहिल्यात येऊ लागले. या दोहोंच्या मध्ये त्यांनी वाकड्या पात्यांचे एक स्थिर चक्र बसवले. परतणाऱ्या पाण्याला ते योग्य दिशा देते आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या टेकूमुळे बाहेर पडणारा पीळ आत आलेल्या पिळाहून अधिक होऊ शकतो. घरातले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला तर दुसराही फिरू लागतो, हे उदाहरण नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. दोन पंख्यांनी शक्ती पोहोचते, पण पीळ वाढत नाही. त्यासाठी मधले तिसरे चक्र लागते. २४ जून १९०५ या तारखेचे जर्मन पेटंट या कल्पनेचे आहे. टॉर्क कन्व्हर्टर आणि फ्लुइड कपलिंग ही दोन्ही भावंडे त्यातूनच जन्मली.

१९०९ मध्ये एका लहान प्रायोगिक नौकेवर ही यंत्रणा चालवून पाहण्यात आली. त्याच वर्षी फ्योटिंगर डान्झिग येथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. हे शहर आजचे पोलंडमधील ग्दान्स्क. १९१३ मध्ये ‘क्योनिगिन लुईजे’ ही उत्तर समुद्रातील सहलींची प्रवासी बोट फ्योटिंगर यांच्या यंत्रणेवर धावू लागली. टर्बाइन उलटे फिरवता येत नाही, ही अडचणही तिच्यात मागे जाण्यासाठी पात्यांचा वेगळा संच बसवून सोडवली होती. पण या बोटीचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे ठरले. पहिले महायुद्ध सुरू होताच तिच्यावर पाणसुरुंग लादण्यात आले आणि ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी तिला बुडवले. त्या युद्धात जर्मन नौदलाने गमावलेले ते पहिले जहाज होय. दुसऱ्याच दिवशी तिने पेरलेल्या सुरुंगांवर आदळून ‘ॲम्फियन’ ही ब्रिटिश क्रूझरही बुडाली.

युद्धापेक्षाही मोठा आघात दातेरी चाकांनी केला. पार्सन्स यांनी १९१० मध्ये ‘व्हेस्पेशियन’ या मालवाहू जहाजावर अचूक कापलेल्या गिअरची चाचणी घेतली होती. गिअरमध्ये शक्तीचा अगदी नगण्य अंश वाया जातो. फ्योटिंगर यांच्या यंत्रणेत सुमारे दहावा भाग उष्णता होऊन निघून जाई. कोळशाचा हिशेब ठेवणाऱ्या जहाज कंपन्यांना निवड करणे कठीण गेले नाही. ज्या कामासाठी शोध लागला, त्याच कामातून तो हद्दपार झाला. अन्य कोणाच्या बाबतीत ही गोष्ट इथेच संपली असती.

मात्र त्या शोधात एक गुण असा होता, ज्याकडे आरंभी कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. दोन चक्रांमध्ये धातूचा धातूला स्पर्श नसतो. मध्ये केवळ द्रव असतो. त्यामुळे इंजिनाचा हिसका पलीकडे पोहोचेपर्यंत बोथट होतो. वुल्कानमधीलच गुस्ताव बाउअर यांनी मधले स्थिर चक्र काढून टाकले आणि डिझेल इंजिनांची थरथर गिअरच्या दात्यांपर्यंत जाऊ न देणारे कपलिंग तयार केले. लंडनमध्ये बसचे गचके खाऊन कंटाळलेल्या हॅरॉल्ड सिंक्लेअर या अभियंत्याने १९२० च्या दशकात तेच कपलिंग रस्त्यावर आणायचे ठरवले. १९३० मध्ये ब्रिटनच्या डेम्लर कंपनीने ते मोटारीत आणि बसमध्ये बसवले. पुढे लंडनच्या लाल दुमजली रूटमास्टर बसमध्येही ते होते. इकडे जर्मनीत १९२८ मध्ये कार्ल्सरुहे येथील अभियंत्यांनी मधले चक्र एका दिशेने मोकळे फिरू शकेल अशा पद्धतीने बसवले. गाडी निघताना ते स्थिर राहून पीळ वाढवते, वेग आला की प्रवाहाबरोबर फिरू लागते. आज मोटारीत दिसणारा टॉर्क कन्व्हर्टर तो हाच. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेत ओल्ड्समोबिल मोटारीत हायड्रामॅटिक हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आला. त्यात द्रवाचे कपलिंग आणि चार गिअर होते, आणि गिअर बदलताना गचका जाणवत असे.

हा गचका का जाणवत असे, याचे उत्तर समजले की नाशिकच्या गॅरेजातील निम्मे वाद मिटतात. फ्योटिंगर यांचे यंत्र इंजिनाला लागून असते. गिअर बदलण्याचे काम त्याच्या मागे बसवलेले बहुचकती क्लच करतात. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा पकडतो. ही पकड तेलाच्या दाबाने होते. दाब हळूहळू चढला तर प्रवाशाला कळतही नाही. एकदम चढला तर गचका बसतो आणि फार उशिरा चढला तर इंजिन क्षणभर मोकळे घोंघावून मग धक्का बसतो. म्हणजे गचक्याचा उगम बहुतेक वेळा तेल आणि दाब यांच्यात असतो. संपूर्ण गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी हे तपासायला हवे, कारण उतरवण्याचा खर्च मोठा आणि तपासण्याचा किरकोळ असतो.

गचका नेमका केव्हा बसतो, ही पहिली नोंद. गाडी उभी असताना, ब्रेक दाबून ‘एन’वरून ‘डी’ किंवा ‘आर’ घेताच धाडकन आवाज होत असेल, तर इंजिन रिकाम्या अवस्थेत प्रमाणापेक्षा अधिक वेगाने फिरते आहे का ते पाहावे. इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग फाटले असले तरी हाच अनुभव येतो. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या मोठ्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांतील ढिलाईही हेच करते. या तिन्ही गोष्टींचा गिअरबॉक्सशी संबंध नाही. चालत्या गाडीत हलक्या ॲक्सिलरेटरवर ठरावीक गिअरलाच गचका बसत असेल, तर तेलाचा दाब सांभाळणारे सोलेनॉईड किंवा व्हॉल्व्ह बॉडीतील कचऱ्याने अडकणारी झडप यांच्याकडे संशय जातो. सगळेच गिअर कडक पडत असतील आणि गाडी एकाच गिअरवर अडकून राहत असेल, तर संगणकाने एखादा दोष ओळखून संरक्षणासाठी दाब मुद्दाम वाढवलेला असतो. तेव्हा आधी स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचावा. मध्यम वेगात, पाय स्थिर असताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, तर ते मात्र कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचचे लक्षण असू शकते. तिथेही बऱ्याचदा दोष जुन्या तेलाचा निघतो.

तेलाची कथा स्वतंत्र आहे. ताजे तेल बहुधा लालसर असते. ते काळपट झाले आणि जळका वास येऊ लागला, तर क्लचच्या चकत्या झिजू लागल्या असे समजावे. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर तेलाला फेस येतो. दोन्हींत दाब ढासळतो. पातळी ठरावीक तापमानालाच पाहावी लागते. अनेक नव्या गाड्यांत तर तेलाची दांडीच नसते आणि खालच्या बुचातून पातळी तपासावी लागते. दुसऱ्या प्रतीचे तेल घातले तरीही क्लचची पकड बदलते, कारण घर्षण नेमके किती असावे हे त्या तेलातील रसायने ठरवतात. कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी शक्ती उष्णतेच्या रूपाने याच तेलात उतरते. भर उन्हाळ्यात कसारा घाटाच्या चढावर रांगेत इंच-इंच सरकणाऱ्या गाडीत नेमके हेच होत असते. कन्व्हर्टरचा पंप फिरतो, चाके जवळजवळ उभी असतात आणि इंजिनाची सारी मेहनत तेल तापवण्यात जाते. तेल कधीच बदलावे लागत नाही, या समजुतीवर विसंबून राहणे अशा प्रदेशात महागात पडते.

तेल बदलल्यावर किंवा सोलेनॉईड नवे घातल्यावरही गचका तसाच राहिला, म्हणून निराश होणारे मालक असतात. गिअरबॉक्सचा संगणक जुन्या झिजेचा हिशेब लक्षात ठेवून दाब देत असतो. तो हिशेब पुसून, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने गाडी चालवून त्याला नव्याने शिकवावे लागते. कन्व्हर्टरच दोषी आहे का, हे पाहण्याची एक जुनी चाचणी आहे. ब्रेक घट्ट दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून, क्षणभर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिन किती फेऱ्यांवर थांबते ते पाहायचे. आकडा कंपनीच्या आकड्याहून बराच कमी आला तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरचे मधले चक्र धरत नाही. जास्त आला तर गिअरबॉक्समधील क्लच घसरतो आहे. पाच सेकंदांहून अधिक ही चाचणी कधीच करू नये आणि काही कंपन्या तिला मुळीच परवानगी देत नाहीत, हे लक्षात ठेवावे. एक खुलासा मात्र आवश्यक आहे. भारतात २०१४ पासून लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. तिथे साधाच क्लच यंत्राच्या हाताने दाबला जातो, त्यामुळे गिअर बदलताना मान किंचित पुढे जाणे हा त्यांचा स्वभाव आहे, आजार नाही. सातपूरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रच्या स्कॉर्पिओत २००८ मध्ये आलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक मात्र टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे फ्योटिंगर यांच्या घराण्यातला होता.

रेल्वेच्या मार्गाने हे घराणे भारतात त्याआधीच पोहोचले होते. मनमोहन सुरी या अभियंत्याने डिझेल इंजिनांसाठी टॉर्क कन्व्हर्टरवर आधारलेली स्वतःची प्रेषणयंत्रणा तयार केली. १९६२ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला आणि चित्तरंजनला बांधलेल्या शंटिंग इंजिनांत त्यांची यंत्रणा बसली. डबे जोडताना पुढे-मागे सतत करणाऱ्या इंजिनाला धक्का सोसणारे प्रेषण किती उपयोगी पडते, हे वेगळे सांगायला नको.

फ्योटिंगर स्वतः १९२४ पासून बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात द्रवगतिशास्त्र आणि टर्बोयंत्रांचे प्राध्यापक होते. मोटारींच्या जगात त्यांना फारसा रस होता, असे दिसत नाही. पंख्यांभोवती उठणारे बुडबुडे धातूला कसे कुरतडतात, पाण्यात भोवरे कसे जन्मतात, हे त्यांचे विषय होते. त्यांच्या नावावर शंभरहून अधिक पेटंटे जमा झाली. जर्मनीतील फॉइट कंपनीने त्यांच्या तत्त्वावर रेल्वेगाड्यांसाठी प्रेषणयंत्रणा बनवल्या, तर अटलांटिकपलीकडे हायड्रामॅटिक गिअरबॉक्स मोटारींतून अमेरिकी रणगाड्यांत गेला. स्टुअर्ट आणि चॅफी हे हलके रणगाडे याच गिअरबॉक्सवर युरोपच्या रणभूमीवर धावत होते. एका जर्मन प्राध्यापकाची कल्पना अशा रीतीने त्याच्याच देशावर चालून आली.

एप्रिल १९४५ च्या अखेरीस सोव्हिएत फौजांनी बर्लिनला वेढा घातला आणि शहरावर तोफांचा अखंड मारा सुरू झाला. अनेक जण त्याआधीच शहर सोडून गेले होते. अडुसष्ट वर्षांचे फ्योटिंगर बर्लिनमध्येच होते. २८ एप्रिल रोजी तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर चारच दिवसांनी बर्लिन शरण आले.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, ब्यूक कंपनीने डायनाफ्लो नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. नेहमीच्या चालीत तो गिअर बदलतच नसे. सारे काम एकटा टॉर्क कन्व्हर्टर करी आणि गाडी लोण्यावरून घसरल्यासारखी चाले. पेट्रोल मात्र ती सढळ हाताने पीत असे. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठाने आपल्या द्रवगतिशास्त्राच्या संस्थेला पुढे हेर्मान फ्योटिंगर यांचे नाव दिले.